रिकर्व्ह धनुष्याची दोरी टोकावरून सटकते? हीट गन बाजूला ठेवा, आधी हे तपासा

गाठी, वळणं आणि खोलगट जागा असलेल्या लाकडातून घरी घडवलेली रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळवलेली, धनुष्यं माझ्याकडे येतात ती जवळजवळ एकाच तक्रारीसाठी. "काका, पातं पिळून राहिलं, दोरी टोकावरून सटकते." आणणाऱ्याच्या पिशवीत हीट गन असते, कारण व्हिडिओत त्याने पाहिलेलं असतं: गरम करा, पाना लावून फिरवा, थंड होऊ द्या, झालं. उपाय खोटा नाही, पण तो यादीत फार खाली आहे. त्याच्या आधी फुकटात होणाऱ्या इतक्या गोष्टी आहेत की बऱ्याच धनुष्यांवर हीट गनची पाळीच येत नाही.

अशा लाकडाचं पातं, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, नागमोडी असणारच. गाठीला वळसा घालून लाकडाचा धागा जातो, पातंही तसंच जायला हवं. नुसतं वाकडं पातं हा दोष नाही. दोष दोनच. दोरी चढवल्यावर ती मुठीवरून न जाता बाहेर पडते, हा एक. ओढताना किंवा सोडताना टोक एका अंगाला कलंडतं, हा दुसरा. दोन्ही ठीक असतील तर पातं कितीही नागमोडी दिसो, त्याला हात लावू नका.

हे दुखणं रिकर्व्हलाच का होतं? गडचिरोलीकडचं बांबूचं धनुष्य बघा. बांबूचीच कामटी दोरीसारखी लावलेली असते, टोकं सरळ असतात. तिथे दोरीचा ताण टोकाला आपोआप मधल्या रेषेत आणतो. रिकर्व्हमध्ये टोक दोरीच्या रेषेच्या पलीकडे, पाठीच्या अंगाला, म्हणजे तिरंदाजापासून दूरच्या बाजूला वळलेलं असतं आणि दोरी या वळणाच्या, बाकाच्या, पोटावर (तिरंदाजाकडच्या बाजूवर) टेकून जाते. दोरी मधोमध आहे तोवर ठीक. ती जरा बाजूला गेली की तिचाच ताण टोकाला त्याच बाजूला आणखी ढकलतो. म्हणून सरळ धनुष्यात खपून जाणारी दोन मिलिमीटरची चूक रिकर्व्हमध्ये खपत नाही.

लक्षणं

दोरी चढवताच एका टोकावरून घसरून बाजूला येते. किंवा चढते नीट, पण बाण सोडल्यावर परत येताना उडते. टोकाचा बाक ठळक असेल तर ओढत नेल्यावर दोरी त्यावरून उचलली जाते, त्यामुळे पूर्ण ओढीत सगळं सरळ दिसू शकतं. खरा धोका ओढीच्या सुरुवातीला आणि दोरी परत येतानाच असतो. आणखी काही खुणा: बाकाच्या पोटावर दोरीचा घासल्याचा पट्टा मध्यभागी नसून एका कडेला पडलेला. दोरीच्या फासाचा एकच पदर झिजलेला. ओढताना मूठ हातात फिरते असं वाटणं. डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेने पाहिलं तर एका टोकाचं पोट थोडं डावीकडे किंवा उजवीकडे तोंड करून बसलेलं.

यातलं नेमकं काय दिसतं आणि कधी दिसतं, ते कागदावर लिहून ठेवा. दोरी उतरवलेली असताना, चढवल्यावर, की ओढताना? पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका नोंदीत असतात.

सगळ्यात आधी: भेगा

दोरी न चढवता धनुष्य उजेडात धरा आणि पाठीवरून कापसाचा बोळा फिरवा. कुठे तंतू अडकले तर तिथे कुसळ उठलंय. पाठीवर आडवी भेग, उठलेलं कुसळ, किंवा पोटावर नखाने जाणवणाऱ्या बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर इथेच थांबा. पोटावरच्या सुरकुत्या म्हणजे लाकूड दाबाखाली चुरगळलं आहे. असं धनुष्य पिळलेलं आहे की नाही हा प्रश्नच मागे पडतो, कारण ते ओढताना तुटू शकतं आणि तुकडा तोंडावर येतो. लांबीच्या दिशेने धाग्यासोबत जाणारी वाळताना पडलेली बारीक भेग मात्र बहुधा निरुपद्रवी असते. ती कडेला जाऊन बाहेर पडत नसेल तर पातळ सुपरग्लू मुरवा आणि पुढे चला.

दोरी आणि तिचा फास

सगळ्यात स्वस्त संशयित हाच आहे आणि लोक सगळ्यात शेवटी त्याच्याकडे बघतात. फास टोकापेक्षा फार मोठा असेल तर तो खाचेत एका अंगाला सरकून बसतो आणि दोरी त्या बाजूने निघते. पीळ देऊन केलेल्या दोरीत दोन पदर जिथे एकत्र येतात तो जोड बरोबर बाकाच्या मध्यभागी यायला हवा. तो बाजूला आला असेल तर दोरी काढा, फास अर्धा वळसा फिरवा, पुन्हा लावा. कधीकधी एवढ्यावर काम होतं. मग दोरी उलटी करून बघा, वरचा फास खाली. सटकण्याची बाजू किंवा टोक बदललं तर दोष दोरीत आहे, लाकूड निर्दोष.

लांबीही बघा. दोरी जुनी होते तशी पीळ सुटून लांबते, दोरी आणि मुठीतलं अंतर कमी होतं, आणि ती बाकावर घट्ट न बसता सैल लोळते. लाकडी रिकर्व्हला ते अंतर सहा-सात इंचांच्या आसपास असावं. कमी असेल तर दोरीला थोडे पीळ वाढवा. दोरी डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची असेल तर उत्तम. न ताणणाऱ्या नव्या धाग्यांची दोरी उघड्या लाकडी टोकाला कापत जाते, आणि एक खाच दुसरीपेक्षा खोल झाली की दोरी कायमची तिरकी.

दोरी चढवता कशी, धनुष्य ठेवता कुठे

पायात अडकवून, मांडीवरून वाकवून दोरी चढवायची पद्धत लाकडी रिकर्व्हसाठी वाईट. मांडी पात्याच्या एका कडेला जास्त दाब देते आणि खालचं टोक घोट्यावर तिरकं टेकतं. रोज दोनदा असं केलं की पात्याला तोच पीळ अंगवळणी पडतो. धनुष्याहून थोडी लांब, जाड नायलॉनची दोरी घ्या, दोन्ही टोकांना फास करून धनुष्याच्या टोकांना अडकवा, दोरीवर पाय ठेवा आणि मूठ सरळ वर उचला. दोन्ही पाती सारखी वाकतात. खाचेत फास सरकवला की लगेच ओढायचं नाही. आधी दोन्ही टोकांकडे एकदा बघायचं. दोरी मधोमध नसेल तर पात्याची कड हाताने हलकी दाबून टोक सरळ करता येतं, आणि बरीच नवी पाती थोडे दिवस असं सांभाळून घेतलं की वळणावर येतात.

कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं धनुष्य आठवड्याभरात टेकलेल्या बाजूला वळू शकतं. दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. दोरी उतरवून. दुचाकीवर उन्हात बांधून फिरवू नका, आणि बंद गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.

हात की लाकूड?

ओढताना मूठ घट्ट आवळून मनगट आत वळवलं, किंवा दोरीवरच्या तीन बोटांपैकी एकावर जास्त भार आला, तर निरोगी पातंही पिळलेलं दिसतं. खात्री करायला धनुष्य टिलरिंगच्या, म्हणजे पात्यांचा वाक तपासायच्या खांबावर लावा: मूठ खोबणीत, दोरीला हुक, हुकाला कप्पीवरून दोर. बाजूला उभं राहून ओढा आणि मित्राला टोकाच्या सरळ रेषेतून, पण दूरवरून, मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. खांबावर सरळ आणि हातात तिरकं, तर उपाय लाकडावर नाही. तुमचा तिरंदाजीचा प्रशिक्षक पंधरा मिनिटांत पकड दाखवेल.

हे सांगावं लागतं, कारण बरेच जण आधुनिक धनुष्याचे उपाय घेऊन येतात. ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनला कंपाउंडमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं. नागपूरचा पोरगा, अभिमान आहेच, पण त्याच्या हातातल्या यंत्राला चाकं, केबल आणि जुळवणीचे स्क्रू असतात. आपल्याकडे फिरवायला स्क्रूच नाही. जे काढाल ते लाकूड, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

नागपूरची हवा

इथे जरा थांबतो, कारण आपल्या शहरात निम्मा गोंधळ हवेचा असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, दुपारची हवा कोरडी ठणठणीत. जूनच्या मध्यावर पाऊस आला की दोन आठवड्यांत भिंतींना ओल. लाकूड हवेशी जुळवून घेत राहतं. आर्द्रता १५-२० टक्क्यांवर असेल तर लाकडातला ओलावा हळूहळू ३-४ टक्क्यांकडे सरकतो, ८५ टक्क्यांच्या हवेत १७-१८ टक्क्यांकडे. धनुष्याला हवा असतो साधारण ८ ते १० टक्के. त्याखाली ते ठिसूळ होतं, वर गेलं की आळसावतं आणि वाकलेलंच राहतं.

साध्या, सरळ धाग्याच्या लाकडात ही ये-जा सारखी होते. गाठीच्या लाकडात होत नाही. लाकूड लांबीच्या दिशेने फारसं आकसत नाही, आडव्या दिशेने आकसतं. त्यातही वलयांच्या कडेने होणारं आकसणं हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या जवळपास दुप्पट असतं. गाठीभोवती धागा तिरका झालेला असतो, म्हणून तिथलं आडवं आकसणं पात्याला पीळ देतं. झाडाचाच धागा मळसूत्री असेल तर अख्खं पातं फिरतं. पाठीला पॉलिश आणि खरवडलेलं पोट उघडं, असं असेल तर एक बाजू लवकर ओल पिते आणि दुसरी उशिरा.

तपासायला स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. धनुष्य, दोरी काढून, रोज एकाच वेळी तोला. ५५० ग्रॅमच्या धनुष्यात ओलावा एका टक्क्याने हलला की वजन साधारण ५ ग्रॅमने हलतं. वजन रोज बदलतंय तोवर पातंही बदलतंय, आणि बदलणाऱ्या पात्यावर केलेली कोणतीही दुरुस्ती आठवड्याने खोटी ठरते. वजन सलग चार-पाच दिवस स्थिर झालं की मगच पुढचं.

उन्हाळ्यात कूलरसमोर धनुष्य टांगू नका. एका पात्यावर ओला झोत आणि दुसऱ्यावर कोरडी हवा, यापेक्षा पीळ घालायची सोपी युक्ती मला माहीत नाही. पण कूलर चालणाऱ्या खोलीतच, झोतापासून दूरच्या भिंतीवर मात्र छान राहतं. लाकूड फार कोरडं झालं असेल तर तिथे आठवडाभर राहू द्या आणि तोवर ओढू नका. पावसाळ्यात उलट. कपाटात तळाशी एक लहान पिवळा दिवा, वर धनुष्य, आतलं तापमान ४० अंशांच्या आत, कपाटाचं दार किंचित उघडं. काम पूर्ण झालं की दोन्ही बाजूंना, टोकांना आणि खाचांनाही सारखं पॉलिश द्या. जवसाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं, पण नुसतं तेल ओल फारशी अडवत नाही. ते पूर्ण वाळल्यावर वरून लाखेचे चार-पाच हात द्या. पॉलिश ओलीची ये-जा थांबवत नाही, मंद करतं, पण मंद होणं पुरेसं असतं.

पहिल्या पावसासोबत आलेला पीळ असेल तर त्या धनुष्याला कानस लावू नका. दिवाळीपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

उलटं करून बघा

दोरी मुठीच्या मध्यावरून न जाता थोडी एका बाजूला पडते, टोकं मात्र कलंडत नाहीत, असं असेल तर ती बाजू बाणाची आहे का बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डावीकडून जातो. दोरी तिकडेच थोडी झुकलेली असेल तर उलट फायदाच, बाणाला मुठीभोवती कमी वाकावं लागतं. दुसऱ्या बाजूला पडत असेल तर धनुष्य वर-खाली फिरवा. डावं उजवं होतं आणि दोष गुण होतो. फक्त एवढं बघा की खालचं झालेलं पातं वरच्यापेक्षा मऊ नाही ना. मुठीच्या दोन्ही टोकांपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. वरच्या बाजूला ३ ते ५ मिलिमीटर जास्त किंवा दोन्हीकडे सारखं, चालेल. खालचं पातं स्पष्ट मऊ असेल तर उलटं करणं सोडा.

दोन पट्ट्यांची परीक्षा

इथपर्यंत पैसा लागला नाही आणि लाकूडही गेलं नाही. पुढे जायच्या आधी पीळ कुठे सुरू होतो ते शोधायचं. सुतार फळीचा पीळ बघतो तसंच. फूटभर लांबीच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, ॲल्युमिनियमच्या असतील तर बऱ्या. एक मुठीच्या पोटावर आडवी, दुसरी पात्यावर आडवी, रबरबँडने बांधलेल्या. एका टोकाकडून डोळा लावून बघा. दोन्ही समांतर दिसल्या तर तिथे पीळ नाही. पात्यावरची पट्टी पाच-पाच सेंटिमीटर टोकाकडे सरकवत न्या. ज्या जागी ती तिरकी व्हायला लागते तिथे पेन्सिलने खूण करा.

हे तीनदा करायचं: दोरी नसताना, दोरी चढवून, आणि खांबावर अर्ध्या ओढीत. अर्ध्या ओढीत बघताना ओढ दोर बांधून पक्की करा, धनुष्याच्या अगदी रेषेत डोळा नेऊ नका, आणि चष्मा घाला.

दोरी नसतानाही पीळ आहे आणि चढवल्यावर तेवढाच राहतो: लाकडाचा मूळ आकारच तसा. खाच आणि घळ यांनी भागतंय का बघायचं, नाहीतर उष्णता.

दोरी नसताना सरळ, पण चढवल्यावर किंवा ओढीत पीळ येतो: एक कड दुसरीपेक्षा मऊ आहे. हे खरवडण्याचं काम. हीट गन इथे वाया, कारण गार लाकूड मुळात सरळच आहे.

दोन्ही थोडंथोडं: गाठीच्या लाकडात हेच जास्त दिसतं. आधी खाच, मग खरवडणं, मग गरज उरली तर उष्णता. क्रम उलटा केला तर गरम करून सरळ केलेलं पातं मऊ कडेमुळे ओढीत पुन्हा पिळतं आणि तुम्ही पुन्हा गरम करता.

नागमोडी पात्याच्या मधल्या वळणावर पट्टी थोडी डावी-उजवी होणं साहजिक आहे. वळणाच्या पलीकडे ती परत समांतर येते का, एवढंच बघा. टोकाला समांतर असेल तर मधलं सगळं माफ.

खाच आणि बाकावरची घळ

दोरी ज्या बाजूला पळते त्याच बाजूची खाच गोल कानशीने थोडी आत खोल करा. फास दोन खाचांच्या मधोमध बसतो. डाव्या खाचेचा तळ उजवीकडे सरकला की दोरीही उजवीकडे येते. एका वेळी अर्धा मिलिमीटर, मग दोरी लावून बघायचं. टोकाला रुंदी शिल्लक असेल तर एकूण दोन-तीन मिलिमीटरची सोय यातून होते आणि रिकर्व्हमध्ये तेवढी खूप असते. म्हणूनच टोकं शेवटपर्यंत बारीक करू नयेत.

मग बाकाच्या पोटावर, खाचेपासून मुठीच्या दिशेने पाच-सहा सेंटिमीटर, दोरीला बसायला उथळ घळ काढा. उंदराच्या शेपटीसारखी निमुळती गोल कानस घ्या, शेवटी काचकागद बोटावर गुंडाळून गुळगुळीत करा. खोली दोरीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पुरे. घळ दोरीला वाट दाखवते, तिला जबरदस्तीने धरून ठेवत नाही. एक कड मऊ असलेल्या पात्यावर खोल घळ काढून दोरी अडकवली तर सटकायची थांबेल, पण टोक कलंडत राहील आणि एक दिवस बाकाजवळ कड फाटेल.

खरवडणं

आता लाकूड जायला सुरुवात होते. खांबावर अर्ध्या ओढीत बघा: जी कड जास्त वाकून दोरीकडे पुढे येते ती मऊ, जी मागे राहते ती ताठ. ताठ कडेच्या बाजूने पोटावरून लाकूड काढायचं. पेन्सिलची खूण जिथे सुरू होते तिथून थोडं मुठीकडे आणि थोडं टोकाकडे, वीतभर लांबीत. रंधा किंवा मोठी कानस नको. स्क्रेपरचे दहा-पंधरा हलके हात, मग दोरी चढवून वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढायचं, मग पट्ट्या. लाकडाला बदल कळायला ही कसरत लागते. खरवडून लगेच मोजलं तर आकडा खोटा येतो.

कडांची जाडी कॅलिपरने मोजून दोन्ही सारख्या करायच्या हा मोह टाळा. सरळ लाकडात तो हिशेब चालतो. इथे पाठ एका वाढीच्या वलयावर वर-खाली लहरत गेलेली असते, गाठीजवळ फुगवटा असतो, आणि जाड दिसणारी कड आतल्या सैल गाठीमुळे मऊ असू शकते. आकडा न बघता वाक बघा. गाठीच्या शेजारी पोटावरून फार लाकूड काढू नका, तिथे पातं थोडं ताठ राहिलेलंच बरं. आणि पाठीला हात लावायचा नाही. पाठीवरचं वलय एकदा कापलं की तिथून कुसळ उठणार.

प्रत्येक फेरीनंतर टांगत्या काट्याने ओढीचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर बघा. ४० पाउंडांचं धनुष्य ३४ वर आलं आणि पीळ अजून निम्माच गेलाय, तर चुकीच्या जागी लाकूड जात आहे. थांबा.

उष्णता

वाळलेल्या लाकडाला वाफ देऊ नका, कोरडी उष्णता पुरते. मूठ शिकंजात मऊ कापड घालून पक्की करा. टोकाच्या बाकाला ज्या साच्यावर वळवलं होतं तोच साचा लावून क्लॅम्प करा. बाकाजवळ गरम केलं आणि साचा नसला तर मेहनतीने आणलेला बाक सरळ होऊ लागतो. पेन्सिलच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मिळून दहा-बारा सेंटिमीटर जागा गरम करायची, पोटाच्या बाजूने, गन दहा सेंटिमीटर दूर आणि सतत हलती. पोटाला थोडं खाद्यतेल चोळलं तर करपत नाही. गाठीवर झोत थांबवू नका, ती आधी वाळून तडकते. लाकूड हात ठेववणार नाही इतकं तापलं की टोकाला लांब दांड्याचा पाना कापड गुंडाळून लावा आणि हळूहळू फिरवा. गरजेपेक्षा किंचित जास्त, कारण थोडं मागे येतंच. पान्याच्या दांड्याला वजन टांगून तसंच राहू द्या. पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे किमान रात्रभर, शिकंजा सोडायचा नाही.

नंतरची घाई जास्त धनुष्यं मोडते. तापवलेली जागा कोरडी पडलेली असते. काट्यावर वजन पुन्हा पहिल्याइतकं येईपर्यंत दोरी चढवू नका. पावसाळ्यात चार-पाच दिवस, मेमध्ये दोन आठवडेही लागतात.

सरळ केलेला पीळ महिन्याभरात जसाच्या तसा परत आला तर लाकडाच्या जन्माकडे बघा. वळवाच्या वादळात पडलेली फांदी फाडून केलेलं धनुष्य असेल तर बहुधा तिथेच उत्तर आहे. तिरक्या वाढलेल्या फांदीच्या वरच्या अंगाला झाड ताणाचं लाकूड तयार करतं, आणि ते लांबीच्या दिशेनेही आकसतं. धामण असो की बाभूळ, खोडाचा सरळ भाग फांदीपेक्षा नेहमी शांत. लकडगंजात आरा मशीनवर चिरून आणलेली पट्टीही याच वर्गातली. ती डोळ्याला सरळ दिसते, पण करवतीने धागा मध्येच तिरका कापलेला असतो. कुऱ्हाड-पाचर लावून फाडलेलं वाकडंतिकडं लाकूड त्यापेक्षा प्रामाणिक असतं. आणि अंगणातलं झाड तोडायचा विचार असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार शहरात परवानगी लागते, झाड स्वतःचं असलं तरी.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

पाठीवर आडवी भेग किंवा उठलेलं कुसळ. पोटावर सुरकुत्या. ओढताना "टक्" असा आवाज, मग काही दिसो वा न दिसो. बाकाच्या वळणावर थर उचललेला. दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना पिळलेली. टोकाचा पीळ दोरी नसताना नुसत्या डोळ्यांना वीस अंशांच्या वर दिसतोय. दोनदा उष्णता देऊन झाली आणि पीळ परत आला. ओढीचं वजन हवं त्याच्या खाली गेलंय आणि काम अपुरं आहे. यातलं एकही असेल तर दोरी उतरवा आणि पुन्हा चढवू नका, "एकदाच बघतो" म्हणूनही नाही.

अशा वेळी बाकाचा कोन कमी करणं, पाठीला तात किंवा कच्चं चामडं चिकटवणं, टोक कापून नवं जोडणं असे उपाय उरतात. ते लाकडी धनुष्य स्वतः घडवणाऱ्याचेच काम आहे. फर्निचरचा सुतार कितीही निष्णात असला तरी त्याला धनुष्य देऊ नका. त्याचं सारं शिक्षण लाकूड हलू नये यासाठी आहे. तो स्क्रू मारेल, गोंद भरेल, काम देखणं करून देईल, आणि पातं स्क्रूपाशीच तुटेल.

जाताना सोबत न्या: पट्ट्यांच्या तिन्ही परीक्षांचे फोटो, खांबावरचा व्हिडिओ, रोजच्या वजनाचा कागद, सध्याची दोरी, आणि त्याच लाकडाचा उरलेला तुकडा असेल तर तोही. तुकड्यावरून धागा मळसूत्री आहे का ते दोन मिनिटांत फाडून कळतं, आणि हे धनुष्य दुरुस्त करायचं की भिंतीवर लावायचं ते तिथेच ठरतं.